चौथा शनिवार

धामापुरात ‘वारसा’ हा शब्द जपून उच्चारावा लागतो. मी तो शुक्रवारी संध्याकाळी, एसटीच्या थांब्यावर, पाठीला कॅमेऱ्याची बॅग आणि काखेत ट्रायपॉड अशा अवस्थेत उच्चारला, ही पहिली चूक.

“खंय रे चललंस?” शेजारच्या तात्यांनी विचारलं.

“अलिबागाक.”

“थंय कोण आसा?”

“कोण नाय. थंय ज्यू लोकांचो वारसो आसा. त्येचे फोटो काढूक जातंय.”

तात्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, “वारस कितके आसत? सगळ्यांची सही घेतल्याशिवाय फोटो काढू नको. मागसून वांदो नको.”

यात तात्यांची चूक नाही. त्यांच्या स्वतःच्या सात-बारावर सत्तावीस नावं आहेत. त्यातली अकरा माणसं देवाघरी, बारा मुंबईत, तिघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि सत्ताविसावे तात्या. वारसा म्हणजे जिच्यावरून कोर्टात तारीख पडते ती वस्तू, हीच आमच्याकडची व्याख्या. तिचे फोटो काढायला कोणी रात्रभर प्रवास करून जातो, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं.

माझ्याकडे कॅमेरा आहे याला जबाबदार माझा भाचा. त्याने नवीन घेतला, जुना विकायला काढला, गिऱ्हाईक मिळालं नाही, तेव्हा ‘मामा, तुझ्यात कलाकार आहे’ असं म्हणून तो मला दिला. मी बँकेत आहे. रोज दिवसभर लोकांच्या सह्या जुळतात का ते पाहतो. त्यामुळे बारकाईने बघायची सवय होती, बाकी कलाकार वगैरे भाच्याचा शोध. तरीही दोन वर्षांत मी पाणकावळ्याचे चारशे फोटो काढले. त्यातले तीनशे नव्वद पाणकावळा उडून गेल्यानंतरचे आहेत.

मग जिल्ह्यातल्या एका हौशी मंडळाने छायाचित्रस्पर्धा जाहीर केली. विषय : ‘कोकणचा वारसा’. या विषयावर आमच्याकडे एकूण चार फोटो आहेत. पहिला, मावळत्या सूर्याबरोबर सिंधुदुर्ग किल्ला. दुसरा, दशावतारातला राजा मुकुट मांडीवर घेऊन विडी ओढताना. तिसरा, रापण ओढणारे रापणकर, कॅमेरा शक्यतो त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्यावर. चौथा, धामापूरचं तळं. हे चारच फोटो दरवर्षी वेगवेगळी माणसं काढतात आणि आळीपाळीने बक्षीस नेतात.

तळं आमच्याच दारात आहे. 1530 साली विजयनगरच्या नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने ते बांधलं, काठावर भगवतीचं देऊळ. 2020 साली सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हापासून आम्ही त्याच्याकडे जरा आदराने पाहतो. तळ्याची एक गोष्ट आहे. पूर्वी गरिबाघरचं लग्न असलं की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे, परडी तळ्यात सोडायची आणि देवीला सांगायचं. सकाळी परडीत तेच दागिने सोन्याचे. लग्न आटोपलं की परत करायचे. एकाने परत केले नाहीत, आणि योजना बंद झाली. बँकेतला माणूस म्हणून मला या गोष्टीत काहीच अशक्य वाटत नाही. कर्जाच्या सगळ्या चांगल्या योजना अशाच बंद पडतात. आता त्याच काठावर भाड्याचे दागिने घालून लग्नाआधीचे फोटो काढतात. नवरी पायरीवर, नवरा तिच्याकडे बघतोय, आणि कुणीतरी झाडामागून धूर सोडतोय.

तेव्हा तळं नको, हे नक्की होतं. काहीतरी असं पाहिजे होतं, जे कोकणचं आहे आणि ज्याचा फोटो परीक्षकांनी अजून पाहिलेला नाही. शोधता शोधता मला बेने इस्राएल सापडले.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. वाचले ते सात पुरुष आणि सात बाया. (गलबत फुटण्याचं आम्हा मालवणच्या लोकांना काही नवल नाही. बरोबर सात-सात वाचले, याचं आहे.) पोथ्या बुडाल्या, पुढे भाषाही गेली. राहिल्या मोजक्या गोष्टी : मुलाची आठव्या दिवशी सुंता, माशांचं पथ्य, ‘शमा’ ही एक प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. रायगडच्या गावागावांत पसरून त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं, शनवार तेली. गाव काय, असंच नाव ठेवतं. धर्म कोणता, देव कोणता, आला कुठून, हे कुणी विचारत बसलं नाही. तेल कधी मिळणार नाही एवढं लक्षात ठेवलं.

शनिवारी त्यांच्या शास्त्राप्रमाणे माणसाला सुट्टी, नोकराला सुट्टी आणि बैलालाही सुट्टी. हे वाचून मी थोडा वेळ खिन्न होतो. घाण्याच्या बैलाला दर शनिवारी. मला दुसरा आणि चौथा.

तर हा चौथा शनिवार मी धरला.

आमच्या हिला बेत सांगितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. “ज्यूच व्हये तर गोवा काय वायट आसा? जवळ तरी आसा. येताना काजू हाडूक गावतले.”

ती काजूच्या हिशेबाने बोलली, पण बोलली खरं. पणजीत गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे. पोर्तुगालमधल्या ज्यू आईबापांचा हा वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला, वरून ख्रिस्ती, आणि 1563 मध्ये त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. त्यात आंबा आहे, नारळ आहे. 1568 मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी चर्चच्या इन्क्विझिशन न्यायालयाने त्याच्या बहिणीला जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. एकाच किनाऱ्यावर, बोटीने थोड्याच दिवसांच्या अंतरावर, इकडे माणूस मेल्यानंतर बारा वर्षांनी ज्यू ठरत होता आणि तिकडे जिवंत ज्यू शनिवारी आरामात घाणा बंद ठेवून बसले होते. पणजीच्या बागेचा फोटो काढता येतो. त्या बारा वर्षांचा कसा काढणार?

मी अलिबागच पकडलं. कुडाळहून तुतारी एक्सप्रेस, पहाटे पनवेल, तिथून एसटी. ट्रायपॉड मांडीवर आडवा घेऊन बसलो होतो, त्यामुळे वडखळपर्यंत शेजारची सीट रिकामी राहिली.

अलिबागच्या स्टँडवर उतरून मी रिक्षावाल्याला म्हटलं, “सिनेगॉगला जायचंय.”

“काय?”

“ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. मागेन अबोथ. 1848 साली बांधलेलं. 1910 साली पुन्हा बांधलं.”

“इस्राएल आळीतली मशीद ना? मग सरळ सांगा की. सालं कशाला सांगताय?”

खरं म्हणजे बेने इस्राएल स्वतःच पूर्वीपासून सिनेगॉगला मशीद म्हणत आले. मुंबईतली पहिली 1796 ची. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, बोलीत समाजी हसाजी दिवेकर, हे इंग्रजांच्या पलटणीतले अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ती बांधली. तिला म्हणायचे जुनी मशीद. शेजारच्या मशीद स्टेशनला हिच्यावरून नाव पडलं असंही सांगतात. इकडे पुण्यात डेव्हिड ससूनने लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं सिनेगॉग बांधलं, त्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ, आणि आत जो देव आहे त्याचा कुणाशीच वाद नाही. (पुण्यातला वाद तेवढा रिक्षाच्या भाड्यावरून होतो.)

दारात एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर गोल टोपी. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला, तसा आमच्या बँकेत फक्त मोठी ठेव घेऊन येणाऱ्याला पाहून होतो.

“या, या. नाव काय आपलं?”

मी आडनाव सांगितलं. त्याच्या शेवटी ‘कर’ आहे. आनंद दुप्पट झाला.

“आणि वडिलांचं?”

“विठ्ठल.”

आनंद संपला.

त्याचं असं आहे, की सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्या घटकेला नऊ जमले होते. मी दिसलो आणि क्षणभर दहा झाले. मग माझे वडील विठ्ठल निघाले आणि पुन्हा नऊ. घाम पुसत एक काका आले, तेव्हा खरे दहा झाले. माझ्या आयुष्यात माझी इतकी निकड कुणाला भासली नव्हती आणि इतक्या लवकर संपलीही नव्हती.

पण ‘कर’वरून त्यांची चूक होणं साहजिक होतं. केहीमकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर, थळकर, दिवेकर, अष्टमकर, चेऊलकर. शंभरावर आडनावं, आणि सगळी गावांची. ‘बूट पॉलिश’मधले आपले डेव्हिड, ते पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर. अब्राहमचा अबाजी झाला, बेंजामिनचा बनाजी, सॅम्युएलचा समाजी. ही यादी घेऊन मी एखाद्या शाळेत हजेरी घ्यायला उभा राहिलो तर ज्यू कोण हे ओळखायला मला संध्याकाळ होईल. सर्वांच्या आधी मालवणचा कोण ते ओळखेन, तो हजेरीला गैरहजर असेल.

“आत यायचं तर या,” गृहस्थ म्हणाले. “टोपी घाला, मागे बसा. पण ते...” त्यांनी बॅगेकडे बोट दाखवलं. “ते आज नाही.”

“फोटो नाही?”

“शब्बाथ आहे. आज काम नाही.”

“हे काम नाही हो. हौस आहे.”

“मग हौसेलाही सुट्टी.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे लोक दोन हजार वर्षं अख्ख्या कोकणात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. त्यांना नाव पडलं ते त्या गोष्टीवरून. मी ती गोष्ट वाचली होती, वहीत उतरवली होती, लाल पेनने तिच्याखाली रेघ मारली होती. आणि बैलाला कळलेली ती गोष्ट बाजूला ठेवून मी शनिवारचंच तिकीट काढलं होतं, कारण बँकेला सुट्टी होती.

बसलो. डोक्यावर त्यांनी दिलेली टोपी, मांडीवर बंद बॅग. प्रार्थना हिब्रूत चालली होती, त्यातलं मला फक्त ‘आमेन’ कळत होतं. पण प्रार्थना आटोपून सगळे बाहेर आले आणि पहिलं वाक्य झालं, “माझी चप्पल कुणी सरकवली?” ते पूर्ण कळलं. देवाशी हिब्रूत आणि चपलेसाठी मराठीत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शब्बाथ नसता तर त्या चपलांचा मी फोटो काढला असता. रविवारी दुसऱ्या चपला होत्या.

सणांची नावं मला तिथल्या ओट्यावरच्या गप्पांत पक्की झाली. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पूर्ण केला, त्यात ती आहेत. (पुस्तक छापून आलं 1937 मध्ये, तेल अवीवला. एका दिवाळी अंकाकडे माझा लेख सहा वर्षं पडून आहे, मी यावरच धीर धरून आहे.) वर्षारंभाला ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, म्हणून ‘दारफळणीचा सण’. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. हे मला फार आवडलं. सणाच्या उरलेल्या दिवसाला शिळा म्हणणारा माणूस जगात कुठूनही आलेला असो, त्याची आई मराठी असणार. एका उपासाला ‘बिरड्याचा रोजा’ नाव आहे. म्हणजे जेरुसलेमचं देऊळ पाडलं त्या दुःखाचा उपास, आणि तो सोडायला वालाचं बिरडं. वाल सोलताना निम्मं प्रायश्चित्त होऊनच जातं.

1880 साली तर यांनी मुंबईत मराठीतून कीर्तनं सुरू केली. झांजा, आर्या, साकी, सगळा थाट आपला, आणि आख्यान योसेफाचं किंवा मोशेचं. आमच्याकडे दशावतारात कृष्णाचं काम करणारा नट सकाळी डंपर चालवतो, त्यामुळे कोण कुणाच्या वेशात आहे याचं मला फारसं काही वाटत नाही. पण मोशे समुद्र दुभंगतोय आणि बुवा दिंडी म्हणताहेत, हे ऐकायला मी परत रात्रभर ट्रायपॉड मांडीवर घेऊन येईन.

दुपारी रिक्षा करून नवगावला गेलो. बाहेर फोटो काढायला हरकत नव्हती. ती माझी मलाच वाटायला लागली होती. नारळीच्या वाडीजवळ जुनं दफनस्थान, तिथे स्मारक. पुरुष एकीकडे पुरले, बाया एकीकडे, असं सांगतात. मी सतरा फोटो काढले. सतराच्या सतरा फोटोंत एक खांब आणि पाठीमागे नारळ. गलबत नाही, वादळ नाही, सात बाया नाहीत. एका फोटोत एक म्हैस आली आहे, आणि खरं सांगायचं तर चौकटीत तीच तेवढी भरते. गोष्ट दोन हजार वर्षं टिकली ती कुणी फोटो काढला म्हणून नव्हे, हे म्हशीलाही दिसत असावं, तशीच बघत होती.

तिथून अलिबागजवळच्या खंडाळे गावी. (घाटातलं खंडाळा नव्हे.) इथे कातळावर एलियाहू हन्नबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि जाताना कोकणावरून गेला. बेने इस्राएलांचा याच्यावर भारी जीव. लग्न ठरलं, नोकरी लागली, नवस फेडायचा असला की त्याच्या नावाने मलिदा करायचा : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, भोवती फळं, वर गुलाब. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंनी एलियाहूला पोहे घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

खुणा पाहून मला काही धक्का बसला नाही. कोकणात खडकावर खूण उमटवल्याशिवाय कोणी जातच नाही. पांडव एका रात्रीत येऊन गेले, त्यांनी उमटवली. सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. आमच्या तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी चित्रंच कोरून ठेवली आहेत, ते कोण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रथ स्वर्गात निघालाय, घाई आहे, तरी चाक एकदा इथे टेकवायचंच. मी आडवा पडून, पालथा पडून, ट्रायपॉडचा एक पाय झुडपात घालून त्या खुणेचे फोटो काढले. दोन पोरं बराच वेळ बघत होती. शेवटी एक दुसऱ्याला म्हणाला, “पैसे पडले असतील.”

मग खानावळ. मी मालवणी सवयीने विचारलं, “मोरी आहे का?” (मोरी म्हणजे आमच्याकडे शार्क.) आणि विचारतानाच मला दाविद रहाबी आठवला.

हा दाविद रहाबी बाहेरून आलेला एक ज्यू पंडित. कुणी म्हणतं हजार वर्षांपूर्वी आला, कुणी म्हणतं अठराव्या शतकात. त्याला संशय आला की हे तेली म्हणजे आपलेच लोक असावेत. आता परीक्षा कशी घ्यायची? पोथी नाही, भाषा नाही. त्याने बायांपुढे मासळीचा ढीग ठेवला आणि म्हणाला, रांधा. बायांनी पर असलेले आणि खवले असलेले मासे वेचून घेतले, बाकीचे बाजूला सारले. शास्त्रात तोच नियम आहे. पंडिताची खात्री पटली.

हीच परीक्षा त्याने मालवणच्या बंदरावर घेतली असती तर? बांगडा घेतला, बरोबर. सुरमई घेतली, बरोबर. पंडिताचा चेहरा उजळतोय तोवर आमच्या हिने ढिगातून मोरी ओढली असती, कारण मोरीचं मटण रविवारी लागतं. मग कुर्ल्या. मग तिसऱ्या, सुंगटं, कालवं. शिवाय पंडितालाच सुनावलं असतं, “ह्या काय ताजा नाय. काल हाडलंस काय?” पंडित त्याच होडीने परत. दूध-मटण एकत्र खायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम मात्र आम्ही सहज पाळला असता, म्हणजे पाळतोच. त्यांनी तिथे नारळाचं दूध काढून मार्ग काढला. मार्ग आमच्या परसातच होता.

रविवारी सकाळी त्याच गृहस्थांनी हसून दार उघडलं. रीतसर परवानगी घेऊन फोटो काढले. टांगलेले दिवे, तोरा हा धर्मग्रंथ ठेवतात ते हेखल, त्याच्यावरचा पडदा, खिडकीतून पडलेला उजेड. चांगले आले. इतके चांगले आले की कुणीही काढले असते.

बाहेर पडून आळीतून चाललो होतो, तोच एका ओटीवरून हाक आली. “अहो फोटोवाले! शनिवारी कॅमेरा घेऊन आलेले ते तुम्हीच ना?”

बातमी पोचली होती. आजी खुर्चीत बसल्या होत्या, साडी, चष्मा, हातात सुपारीचा अडकित्ता. “माझा एक फोटो काढा. नातवाला पाठवायचाय. इस्राएलात, डिमोनाला असतो.”

मी बसलो गुडघ्यावर, चेहऱ्यावर उजेड छान होता. एक काढून दाखवला.

“घर कुठाय?”

“आजी, घर घेतलं तर तुम्ही लहान दिसाल.”

“मला तो व्हिडीओवर रोज बघतो. घर बघून आठ वर्षं झाली त्याला. मागे जा. अजून मागे. गटार आहे, जपून. विहीर येतेय का? रहाट दिसला पाहिजे हां, त्याचा पाय तिथेच मोडला होता.”

मी गटाराच्या पलीकडे जाऊन फोटो काढला. घर आलं, विहीर आली, रहाट आला, वाळत घातलेलं धुणं आलं आणि कोपऱ्यात तांदळाएवढ्या आजी आल्या. आजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हां. आता बरा आला.”

चहा झाला. पुढचा प्रश्न मी विचारायला नको होता, पण तात्यांबरोबर आयुष्य काढलेलं. “सात-बारावर नाव कुणाचं आहे?”

“सासऱ्यांचं. मग दीर, पुतणे, त्यांची पोरं. एक अश्दोदला, दोन लोदला, एक कॅनडात, एकाचा पत्ताच नाही. तलाठी म्हणतो वारसांच्या सह्या आणा. म्हटलं, विमान पाठव.”

मी मनातल्या मनात धामापूरच्या दिशेने हात जोडले. 1948 नंतर हजारोंनी माणसं इथून इस्राएलला गेली. तिथे 1964 पर्यंत, आपण खरे ज्यू आहोत, हे त्यांना आंदोलन करून पटवून द्यावं लागलं. इथे महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे ते मराठी ठरतात आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत आले, इकडे त्यांच्या घराला सह्या मिळत नाहीत. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण तात्यांनी ते न वाचता एसटीच्या थांब्यावर सांगितलं होतं.

आजींनी वाटीत पोहे दिले, खोबरं घातलेले. मी म्हटलं, “मलिदा का?”

“मलिद्याला नवस लागतो. हे नुसते पोहे. गाव कुठलं तुमचं?”

“धामापूर. मालवणजवळ.”

आजींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे मोरी खाणारे.”

मी पोह्यांत मान घातली. दाविद रहाबीची परीक्षा मी ओटीवर बसून, मासा समोर नसताना नापास झालो होतो.

स्पर्धेला मी खंडाळ्याच्या कातळाचा फोटो पाठवला. आजींचा पाठवला नाही. तो त्यांचा होता, डिमोनाला गेला. नातवाचा निरोप आला की रहाटाची दोरी बदललेली दिसते. माझ्या फोटोवर परीक्षकांनी शेरा मारला : ‘कातळशिल्प उत्तम. परंतु ठिकाण अलिबाग असे लिहिले आहे, बहुधा नजरचूक.’ पहिलं बक्षीस धामापूरच्या तळ्याला मिळालं. फोटो काढणारा अलिबागचा. खाली तारीख होती, चौथ्या शनिवारची.

तुम्हाला जायचं झालं तर रविवार धरा. टोपी बरोबर ठेवा, आधी परवानगी विचारा. आळीत ओटीवरून कुणी आजी हाक मारतील, तर गटार बघून मागे सरका आणि गाव विचारलं तर कुडाळ सांगा.